खरवसावर साखर जाळताना

कुरिअरवाला विट्यात घर शोधत
तीनदा फोन करून आला.
खोक्यात पिस्तुलासारखं काहीतरी,
गॅसचा डबा वेगळा, तो सांगलीहून आणवला,
भांड्यांच्या दुकानदारानं निरोप दिला होता,
वहिनींना सांगा, जपून.

भाचीच्या लग्नात पाहिलं होतं,
टोपी घातलेला पोरगा वाटीवर आग धरायचा
आणि लोक फोटो काढायचे.
मला फोटो नको होता.
मला तो आवाज हवा होता,
चमच्याखाली फुटणारा.

स्टोव्हला पिना मारत वाढलेली मी,
सिलिंडर अंधारात बदलणारी,
या वीतभर नळीला मात्र
दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी निकमांच्या सुलाबाईनं
तांब्याभर चीक दिला.
वेलदोडा, जायफळ, वाफ.
सहा वाट्या फ्रिजात गार झाल्या.
पडदा वर खोचला, ओढणी मागे बांधली,
तेलाची बुधली लांब नेली,
ओलं फडकं, बादलीभर पाणी,
जसं काही घरच पेटवायचं होतं.

पहिल्या वाटीवर कारखान्याची जाड साखर.
खटका. काही नाही.
खटका. काही नाही.
खटका, आणि फर्रर्र,
निळी जीभ बाहेर.
मी डबा कलवला, जरा जास्तच,
ती पिवळी होऊन भुवईपर्यंत आली.
दोन-चार दाणे तसेच पांढरे, बाकी डांबर,
खाली खरवसाला फोड.

दाराशी मामंजी.
काय जळलं, असं विचारलं नाही.
म्हणाले, "नळी कुठली हाय?"

बत्तीस वर्षं सेलमला गलाई केलेला माणूस.
मूस, सवागी, तेजाब,
दुसऱ्यांचं सोनं वितळवून
दुसऱ्यांनाच परत.
घरात त्यातलं काय आलं, तर मनीऑर्डर,
उजव्या हातावर पांढरे डाग,
आणि तिथला भात बरा नव्हता, एवढं एक वाक्य.

चष्मा कपाळावर सारला. नळी हातात तोलली.
"हलकी हाय. खेळणं."
पण अंगठा आपसूक चाकावर गेला
आणि ज्वाळ आखूड झाली, टोकदार,
शिस काढलेल्या पेन्सिलीसारखी.

"हितं बघ. आतला निळा संपतो, त्याच्या म्होरं.
तिथं खरी ऊब. चिकटवू नगं."
"आधी वरचं पाणी टिप."
मी मलमलीनं टिपलं.
"साखर बारीक कर. पातळ पसर."
मी खलबत्त्यात कुटली.
"आता हात फिरव. थांबलीस की गेलं."

मी फिरवला. रांगोळीचा कण काढताना फिरवते तसा,
मग त्यांनी मनगटाला धरून सैल केला.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
पहिल्यांदाच धरलं असेल मनगट.

कडेला एक थेंब पाण्यासारखा झाला.
मग शेजारचा.
मग मधाचा रंग, मग तांब्याचा,
"बास," ते म्हणाले, माझ्या कानाशी, हळू,
जणू भट्टीपुढं शेठ झोपलाय.
"मागं घे. ती अजून स्वतःची चढतीया."

आम्ही थांबलो.
वाटीत बारीक तडतड,
मग काहीच नाही.
त्यांनी नखानं वाजवून पाहिलं,
कान खाली नेऊन.

मी चमचा मारला. टक.

काच उडाली, ओट्यावर, शेगडीखाली.
मी फडकं घ्यायला वळले
तर म्हणाले, "पुसू नगंस."
बोट जिभेला लावलं,
आणि एकेक कण टिपत गेले,
बर्नरच्या कडेचा, फरशीच्या सांधीतला,
दुकानात संध्याकाळी जमीन झाडून
धूळसुद्धा राखून ठेवत, तसे.

खाल्लं नाही.
तळहातावर जमवलं सगळं,
पांढऱ्या डागांच्या मधोमध,
खिडकीच्या उजेडात धरलं
आणि मला विचारलं,
"किती भरंल?"